देवापाशी ठेवलेली कात्री

पडदा वर जातो तेव्हा समोर विवळवेढ्याची जत्रा आहे. साल एकोणीसशे सत्तावन्न, चैत्रातली टळटळीत दुपार. महालक्ष्मीच्या देवळापासून थोडं खाली दोन बैलगाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आहेत. त्यांवर फळ्या टाकल्या आहेत आणि मागे एक चादर बांधली आहे. एवढाच रंगमंच. त्यावर एक म्हातारी सुईण बसली आहे. गळ्यात मण्यांच्या माळा, दात काजळीनं काळे केलेले, हातात गंजका विळा. ती विळा दगडावर घासते, त्यावर थुंकते आणि प्रेक्षकांना डोळा घालून म्हणते, "आता बघा, नाळ कशी कापते ती!"

माणसं पोट धरून हसतात. ती सुईण म्हणजे मी. आमची नाटक कंपनी बुडून तीन वर्षं झाली होती आणि आरोग्यप्रचाराच्या सरकारी खेळांत मला हे एक काम मिळालं होतं. आयुष्यभर बायकांची कामं केलेला नट, लुगडं नेसायला लाजणार थोडाच? मी त्या सुईणीत जीव ओतला होता. खोटं कशाला बोलू, टाळ्या चांगल्या पडत होत्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक खरीखुरी म्हातारी उठली. काटकुळी, ताठ, गुडघ्यापर्यंत कासोटा.

"ए बापया," ती ओरडली, "पदर नीट घे आधी! आणि इळ्यानं गवत कापतात, पोर नाय कापत. कोणी शिकवला तुला?"

हशा एकदम तिच्याकडे गेला. हशा दुसऱ्याच्या पदरात पडला की नटाला घाम फुटतो, तसा मला फुटला. मी काही जोडून बोलणार, तोच चादरीमागून पांढऱ्या साडीतली एक तरुणी तरातरा पुढे आली.

"बुधीबाई, खाली बस," ती म्हणाली. "तुझंच नाटक चाललंय. तुझ्या हाताखाली मेलेली पोरं मोजायला बसलं ना, तर जत्रा संपेल."

म्हातारी हलली नाही. "मोज ना," ती म्हणाली. "तुला लिवता येतं. मोज, नर्सबाय. आणि मंग मना सांग."

त्या पांढऱ्या साडीतल्या तरुणीचं नाव देवकी. ही तिची गोष्ट.

देवकी वाढवणची. बाप होडीवर, आई बोंबील सुकवून सरावलीकडे विकायला जाणारी. घरात कोणाला अक्षर येत नसताना ही शिकली आणि मुंबईला जाऊन परिचारिका होऊन आली. थोरला भाऊ नारू तिच्याशी तेव्हापासून बोलेनासा झाला. "परक्या लोकांची ओकारी पुसायला आपली बहीण?" असं त्यानं भर ओट्यावर विचारलं होतं. समुद्राकाठची ही मुलगी पुढे तलासरीच्या बाजूला, डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात नेमली गेली. तिथल्या वारली पाड्यांवर तिला कोणी उंबरा ओलांडू देईना. ती दिसली की बायका पोरांना आत ओढत. "दर्यावरची भुताळी आली," म्हणत. दवाखान्यातले मोठे डॉक्टर तिला मागून मासळीवाली म्हणत, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत.

तीही काही गोड नव्हती. तिची जीभ आईच्या कोयतीसारखी होती. मी तीन महिने त्या दवाखान्याच्या पडवीत मुक्काम केला, घसा बसला की तिच्याकडून मिठाच्या गुळण्या करून घेतल्या, आणि एकदाही तिच्या तोंडून मऊ शब्द ऐकला नाही. पण रोग्याच्या अंथरुणाची घडी मोडलेली तिला चालत नसे. पाठीला जखम होऊ नये म्हणून ती एका लुळ्या म्हाताऱ्याला दर दोन तासांनी स्वतः कुशीवर वळवायची, आणि वळवताना त्याला शिव्या घालायची. तोही तिला घालायचा. असं ते दोघं मजेत होते.

जत्रेतल्या त्या खेळानंतर मोठ्या डॉक्टरांनी फळीवर चढून हुकूम सुनावला: बुधीबाईनं यापुढे कोणत्याही बाळंतिणीला हात लावायचा नाही; लावला तर पोलीस पाटलाला कळवू. बाळंतपणं फक्त शिकवलेल्या दाया करतील. अशा अकरा बाया देवकीनं तयार केल्या होत्या. प्रत्येकीला सरकारकडून पत्र्याची एक पेटी मिळाली होती. तिच्यात साबण, दोरा, कापूस आणि एक झगझगीत कात्री.

पाड्यांवर जी बाळं जात, ती बहुतेक एकाच तऱ्हेनं जात. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत सगळं ठीक. मग बाळ दूध ओढेनासं होई. जबडा घट्ट मिटे, अंगाचं धनुष्य होई आणि आठव्या-नवव्या दिवशी खेळ संपे. वारली म्हणत, भुताळीनं नजर लावली. देवकी म्हणे, धनुर्वात. नाळ मळक्या हत्यारानं कापली की मातीतलं, शेणातलं विष बेंबीवाटे आत जातं. आणि तिच्या मते सगळ्यांत मळकं हत्यार बुधीबाईचं होतं.

म्हणून तिनं खरोखर मोजायला घेतलं. शंभर पानी वही आणली, उभ्या रेघा मारल्या. बाळंतीण कोण, पाडा कोणता, नाळ कोणी कापली, कशानं कापली, बेंबीला काय लावलं, आणि दहाव्या दिवशी बाळ आहे की नाही. ती वही घेऊन ती ओढे तुडवत पाड्यांवर जायची. दारातून हाकललं तर विहिरीवर गाठायची, विहिरीवरून हाकललं तर आठवड्याच्या बाजारात. एकदा कोणी तरी तिच्या अंगावर भाताच्या पेजेचं भांडं उपडं केलं. ती तशीच उभी राहिली आणि विचारलं, "ठीक आहे. पण बेंबीला काय लावलं होतं?"

हे ती मला सांगायची तेव्हा मी हसायचो. ती हसायची नाही. "हसू नका, काका. मला ती म्हातारी पकडायची आहे. लेखी."

दीड वर्ष असं गेलं. मी मध्ये दुसऱ्या तालुक्यांत खेळ करून परत त्याच पडवीत आलो, थंडीचे दिवस होते. आलो त्याच सकाळी रूपीचं बाळ गेल्याची बातमी आली.

रूपी सुकऱ्याची बायको. पहिलटकरीण. तिचं बाळंतपण चिमीनं केलं होतं, आणि चिमी म्हणजे देवकीच्या वर्गातली सगळ्यांत हुशार बाई. देवकी वही घेऊन निघाली, मीही मागोमाग गेलो. कारवीच्या कुडाचं घर, बाहेर माणसं बसलेली. रूपी आतून आली. डोळे कोरडे.

"आली लिवायला," ती म्हणाली. "लिव. मेला म्हणून लिव. तुझा पेन भरलाय ना?"

"रूपी, बेंबीला..."

"शेण नाय लावला! राख नाय लावली! तू सांगितला तसाच सगळा केला. बुधी आमच्या आयशीची बाळंतपणा करत आली, तिला तू बंद केली. मंग माझा पोर कोणी खाल्ला? बोल ना! तुझी तर जीभ लय चालते."

सुकऱ्या उठला, त्याच्या हातात काठी होती. मारायला उठला की जमिनीला टेकायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. देवकी मागे सरली नाही. तिनं फक्त चिमीकडे पाहिलं. चिमी कोपऱ्यात रडत बसली होती.

"कात्री उकळली होतीस?"

चिमीनं मान वर केली, जरा रागानंच. "मी चुकले नाय, बाय. कात्री उकळली. चला, दाखवते."

चिमीचं घर शेजारीच होतं. आत गेलो. घराच्या कोपऱ्यात हिरवा, म्हणजे वारल्यांचा घरचा देव, मोरपिसांचा जुडगा. त्याच्यापुढची हातभर जागा ताज्या शेणानं गुळगुळीत सारवलेली. तिच्यावर तांदळाच्या पिठाची रेघ काढलेली. आणि त्या सारवणावर, मधोमध, ती सरकारी कात्री. आरशासारखी चमकत होती. घरात त्याहून पवित्र आणि त्याहून जपलेली दुसरी वस्तू नव्हती.

"पेटी पत्र्याची, तिला गंज चढला," चिमी म्हणाली. "म्हणून मी इथं ठेवते. रोज सारवते. आमच्यात सगळ्या जणी इथंच ठेवतात. कोण हात लावील?"

"आणि उकळतेस कधी?"

"तुमी शिकवला तशी. नाळ कापली, कात्री धुतली, उकळली, पुसली, ठेवली."

देवकी चिमीच्या देवासमोर उकिडवी बसली आणि सारवणावर बोट टेकवून तिनं ते नाकाशी नेलं.

तिचा वर्ग मी पाहिला होता. चिंध्यांची बाहुली, तिच्या पोटाला सुताची नाळ. देवकी दोन ठिकाणी दोरा बांधून मधे कात्री चालवायची, मग कात्री धुऊन पातेल्यात टाकायची, वीस मिनिटं उकळायची, पुसून पेटीत ठेवायची. बायका माना डोलवायच्या. तीच कात्री सकाळी सहाला, बायका डोंगर उतरून यायच्या आत, एकदा उकळून ठेवलेली असायची. ती सकाळची उकळणी कोणी कधी पाहिलीच नव्हती. काम झाल्यावर हत्यार साफ करून ठेवायचं, हे कुणालाही पटेल असं होतं. कामाआधी स्वच्छ हत्यार पुन्हा कशाला उकळायचं, हे अकरा जणींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. आणि देवकीनं ते कधी दाखवलं नव्हतं.

दवाखान्यात येऊन तिनं वही उघडली. बेरीज तिनं आजवर केली नव्हती. म्हातारी पुरती अडकेपर्यंत करायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. तिनं ती माझ्यादेखत केली. बंदी असूनही बुधीबाईनं चोरून केलेली बाळंतपणं तेवीस. धनुर्वातानं गेलेलं बाळ, एकही नाही. शिकवलेल्या दायांची एकतीस. धनुर्वातानं गेलेली, सहा. रूपीचं धरून सात.

दुसऱ्या दिवशी ती बुधीबाईकडे गेली. मला म्हणाली, "तुम्हीही चला, काका. तुम्ही तिचं सोंग आणता, ती करते काय ते बघा तरी."

म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. आम्हाला पाहून तिनं सूप थांबवलं नाही. फोलपटं मुद्दाम आमच्या अंगावर येतील अशी पाखडली.

"ह्यो बापया पण आणला," ती म्हणाली. "बरा. दोघं मिळून नाचा आता."

"नाळ कशानं कापतेस?" देवकीनं विचारलं.

"दीड वरीस सगळ्या गावाला इचारत फिरली. मनाच नाय इचारला."

"आता विचारते."

"आता नाय सांगत."

पुढचा पाऊण तास आम्ही उन्हात उभे. शेवटी म्हातारीला आमचा कंटाळा आला असावा, तिनं सांगून टाकलं. कळ सुरू झाली की ती बाळंतिणीच्या घरधन्याला बांबूच्या बेटात पाठवते. उभा हिरवा बांबू तोडायचा, जमिनीला टेकू न देता आणायचा. त्याची कामटी ती स्वतः सोलते, धार तिथल्या तिथे काढते, नाळ कापते आणि कामटी चुलीत घालते. बेंबीला काहीही लावायचं नाही.

"चुलीत का घालतेस?" देवकीनं विचारलं.

"एका पोराची कामटी दुसऱ्याला लावली तर दोघं जलमभर भांडतील. एवढा पण म्हाईत नाय? आणि म्हणे शाळा शिकली." मग सूप बाजूला ठेवून ती पहिल्यांदा देवकीकडे नीट बघत म्हणाली, "मोजली?"

"मोजली."

"मंग?"

देवकी वळली आणि चालू लागली. म्हातारी मागून हसली. ते हसू मी पुष्कळदा रंगभूमीवर करून पाहिलं. जमलं नाही.

मोठ्या डॉक्टरांसमोर तिनं वही ठेवली तेव्हा मी पडवीतच होतो, आणि डॉक्टरांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत सहज जाणारा होता.

"सोमवारी ठाण्याहून साहेब येतायत वर्ग बघायला. अकरा दाया, अकरा पेट्या. आणि तुम्ही त्यांना दाखवणार काय, तर सरकारी कात्रीनं पोरं मेली?"

"कात्रीनं नाही, साहेब. माझ्या शिकवण्यानं."

"त्यांच्या शेणानं! त्यांना शेणात ठेवायला तुम्ही सांगितलं होतं का?"

"आधी उकळा, असंही सांगितलं नव्हतं."

"हे बघा, बाई. तुमची नोकरी अजून कच्ची आहे. सोमवारनंतर पक्की होईल. शिकवायची जागा मिळेल, ठाण्याला. मंगळवारी गुपचूप सगळ्यांना बोलवा आणि सांगा आधी उकळा म्हणून. झालं. वही चुलीत घाला."

"रूपी विचारते, कोणी खाल्लं. तिला मंगळवारी काय सांगू?"

"काही सांगू नका! ती बाई कुठं वाचणार आहे तुमची वही?"

"आणि बुधीबाईची बंदी?"

"ती म्हातारी तुमची कोण लागते?"

"कोणी नाही," देवकी म्हणाली. "मला ती आवडतसुद्धा नाही."

मला वाटलं होतं, ती मंगळवारची वाट पाहील. मी असतो तर पाहिली असती. ठाण्याची शिकवायची जागा तिला किती हवी होती ते मला ठाऊक होतं. तिथल्या शाळेत उभं राहून मुलींना परिचर्या शिकवायची, आणि एक दिवस नारूच्या मुलीला त्यात बसवायची, एवढं एकच स्वप्न तिनं मला कधी बोलून दाखवलं होतं.

सोमवारी दवाखान्याच्या अंगणात मांडव पडला. ठाण्याचे साहेब खुर्चीवर, मोठे डॉक्टर शेजारी. अकरा दाया नवी लुगडी नेसून रांगेत, पुढ्यात पेट्या. देवकीच्या सांगण्यावरून मी रूपीला निरोप दिला होता. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण ती सुकऱ्याला घेऊन आली आणि कुंपणाशी उभी राहिली. बुधीबाई तिच्याही मागे, झाडाखाली.

देवकीनं बाहुली हातात घेतली. आणि कात्रीला हात न लावता ती बोलू लागली. कागद नाही, रडं नाही. जसं औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं. सकाळची उकळणी, चिमीच्या घरातलं सारवण, तेवीस आणि शून्य, एकतीस आणि सात.

"चिमीचं चुकलं नाही," ती म्हणाली. "ह्या अकरा जणींनी मी दाखवलं तसंच्या तसं केलं. दाखवणारी मी होते. आजपासून कात्री आधी उकळायची, पाण्यातून थेट नाळेवर. पातेलं नसेल, वेळ नसेल, तर बुधीबाई करते तशी हिरव्या बांबूची ताजी कामटी. आणि बुधीबाईवर घातलेली बंदी चुकीची होती."

मोठे डॉक्टर उभे राहिले होते. साहेबांनी त्यांना हातानं खाली बसवलं आणि वही मागून घेतली.

मग दाया उठल्या. त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करा. आपल्याच हातांनी, इतक्या श्रद्धेनं. चिमीनं पेटी उचलली आणि देवकीच्या पायांशी आपटली. कात्री उडून मांडवाच्या खांबावर खणकन लागली. तिच्यामागून दुसरी पेटी, तिसरी. एकीनं देवकीच्या केसांना हात घातला. मी मधे पडलो तर मलाच दोन बसल्या, त्या माझ्या वाट्याच्याच होत्या. रूपी कुंपणातून आत आली तशा बाकीच्या बाजूला झाल्या. ती देवकीच्या तोंडासमोर उभी राहिली आणि थुंकली. मग नवऱ्याला घेऊन निघून गेली. देवकीनं पदरानं गाल पुसला आणि खाली वाकून कात्र्या गोळा करायला लागली. अकराच्या अकरा मिळेपर्यंत ती गोळा करत राहिली.

बुधीबाई झाडाखालून जाताना मला म्हणाली, "बापया, आता कर माझा नाटक." मी ते काम पुन्हा केलं नाही. मोठा त्याग वगैरे नव्हे, पुढच्या पावसात खेळच बंद झाले.

ठाण्याच्या साहेबांनी वही ठेवून घेतली. तिचं पुढे काय झालं, कोणी वाचली की नाही, कळलं नाही. देवकीला शिकवण्यावरून काढलं आणि डहाणूला एका इस्पितळात दिवसपाळी-रात्रपाळीच्या कामावर टाकलं. नोकरी आणखी चार वर्षं कच्चीच राहिली. पण जाण्याआधीच्या दोन महिन्यांत ती त्या अकराही घरी एकटी गेली होती. नऊ जणींनी दार लावून घेतलं. दोघींनी उघडलं, त्यांत चिमी होती. तिनं पातेल्यात पाणी घातलं आणि कात्री आधी टाकली. पुढे त्या बाकीच्यांना चिमीनंच शिकवलं, देवकीला शिव्या देत देत. त्या बाजूला सात-आठ वर्षांनी मी गेलो तेव्हा चिमी मला म्हणाली की तिच्या हातून त्यानंतर तसं एकही पोर गेलं नाही. "ती बाय माझ्या दारात परत नको," असंही म्हणाली.

रूपीनं तिला कधीच माफ केलं नाही. का करावं?

एकोणीसशे सदुसष्टच्या दिवाळीनंतर मला निरोप आला. देवकीचं यकृत गेलं होतं. डहाणूच्या त्याच इस्पितळात, जिथं तिनं आठ वर्षं इतरांना कुशीवर वळवलं, ती पडली होती. पिवळी, सुकलेली, ओळखू न येणारी. अंथरुणाची घडी मात्र एकही मोडलेली नव्हती. उशाशी नारू बसला होता. आला होता तर शेवटी. त्याची मुलगी हंसा तिथंच शिकाऊ परिचारिका होती, ते मला तेव्हाच कळलं. मुलीला या शिक्षणाला घालायला नारू तयार नव्हता. ती भांडून आली होती.

देवकीचे डोळे मिटलेले होते. दोन दिवस तिनं शब्द काढला नव्हता. दुपारी हंसा ताटलीत सुई घेऊन आली. तिनं आत्याचा दंड धरला, कापसानं पुसला.

डोळे न उघडता देवकीनं दंड काढून घेतला. मी जवळ वाकलो, नारूही वाकला.

"उकळल्यावर," ती म्हणाली, "कुठं ठेवली होतीस?"